सतरा नंबरचा बिल्ला

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा! घाट चढताना बसमधले तीन जण ओकले, मी नाही. उलट मी मागून ओकल्याचा आवाज काढून चौथ्यालाही तयार केलं.

तळं एवढं मोठं की पलीकडचे तंबू काडेपेटीएवढे दिसतात. मला पत्र्याची खोली, एक खाट आणि एक उशी मिळाली. उशीला उंदरांचा वास येतोय, पण उंदीर दिसला नाही. कामाला गेला असेल.

ही वही ताईची. खोड्यांपायी मला तीन ठिकाणांहून हाकललंय, म्हणून रोज काय दिवे लावले ते लिहायचं आणि खरं लिहायचं असा हुकूम आहे. रविवारी येऊन वाचणार आहे. इथूनही हाकललं तर घराची पायरी चढू नकोस म्हणाली. आईबाबा गेल्यावर तिनेच मला वाढवलं. जन्मात एकदाही खोटं बोललेली नाही. शेजारीण केस कापून आली आणि कशी दिसते विचारायला लागली, तर हिने सांगितलं, उपटलेल्या कोंबडीसारखी.

मंगळवार, ४ तारीख

काम सोपं आहे. होड्या पुसायच्या, लोकांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळायचे, तंबूच्या खुंट्या मोजून घ्यायच्या. वर मामा. धक्क्याचा मुख्य तो, सगळेच त्याला मामा म्हणतात. हसणं त्याला बापजन्मात माहीत नसावं.

धक्क्यावरच्या खोपटात एक लाकडी फळा आहे. त्यावर चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा नंबरी बिल्ला. एक बाजू लाल, एक पांढरी. माणूस पाण्यावर गेला की लाल, परतला की पांढरी. आम्हा नोकरांचेही बिल्ले आहेत, मी एकवीस. आपला बिल्ला आपण पालटायचा नाही. दुसऱ्याने माणूस धक्क्यावर उतरलेला डोळ्यांनी बघायचा, मोठ्याने ‘पाहिला’ म्हणायचं, मगच पालटायचा. सगळे पांढरे झाल्याशिवाय मामा खोपटाला कुलूप लावत नाही.

पण सतरा नंबर लालच. रंगाला फोड आलेत. कॅन्टीनच्या काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, तो मामाच्या धाकट्या भावाचा. नऊ वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला, पुढे ना तो सापडला ना होडी. मामा म्हणतो, अजून पाण्यावर आहे. म्हणजे खोपटाला नऊ वर्षं कुलूप नाही.

गुरुवार, ६ तारीख

ताई, हे वाचून मारशील. मार.

सकाळी कोणी नव्हतं. हात शिवशिवले. सतरा पांढरा केला आणि कोपऱ्यात उभा राहिलो.

मामा आला, फळ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आई-बाप उद्धरणार. पण त्याने बारीक आवाजात विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, मी. त्याने विचारलं, तू त्याला पाहिलंस का? इथे शहाण्याने कान पकडले असते. मी छाती काढून म्हटलं, पाहिला की! आत्ताच उतरला, चहा प्यायला गेला.

मामा धावत सुटला. मी हसत मागे.

कॅन्टीनमध्ये, खिडकीजवळच्या बाकावर, एक माणूस चहा पीत होता. कंबरेपर्यंत ओला. मामाने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तसाच उभा राहिला. काकूंच्या हातून पळी पडली. त्या माणसाने मामाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून मान हलवली, बसमध्ये कुणी जागा धरून ठेवली की हलवतात तशी.

माझं हसू कुठे गेलं कळलं नाही. दुपारी फळ्यावर एकवीस लाल होता. कुणीतरी माझ्यावरच डाव उलटवला.

शुक्रवार, ७ तारीख

खाटेवर झोपलो होतो. जाग आली ती तळ्याच्या मध्यावर, होडीत. बसलेलाच होतो, हातात वल्ही, खिशात ही वही.

वल्हवत परत आलो. काकूंना म्हटलं, झक्कास जमलं, कुणाचं डोकं? त्यांनी वर बघितलं नाही. पाव घेतला, चव नाही. तव्याला हात लावला. चटका बसला नाही. बराच वेळ ठेवला.

माझा बिल्ला मीच पांढरा केला. तासाभरात लाल.

जेवायला सतरासाठी ताट मांडलं. माझं नाही. राग यायला हवा होता.

शनिवार, ८ तारीख

पुन्हा होडीत. परत यायला कालच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला.

मामा धक्क्याच्या टोकाला उभा राहून पाण्याशी बोलत होता. मी त्याच्या शेजारी उभा. म्हणाला, पोरा, ऐकू येत असेल तर ऐक. न पाहता ‘पाहिला’ म्हणणाऱ्याला त्या पाण्यावरच्याच्या जागी जावं लागतं. नऊ वर्षं रोज सकाळी तो शब्द माझ्या ओठांवर यायचा, छाती झाली नाही. तू हसत हसत म्हणून टाकलास. मला थांबवता आलं असतं. नाही थांबवलं.

मग नाक शिंकरून निघून गेला.

त्याला शिव्या द्याव्यात म्हणून आठवून बघितल्या. आठवल्या सगळ्या. दिल्या नाहीत.

रविवार, ९ तारीख

ताई आली. माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणलेत.

तिच्यासमोर उभा राहिलो. वाकुल्या दाखवल्या. वेणी ओढली. ती माझ्यातून तळ्याकडे बघत राहिली. मामाने सांगितलं, पोरगा पाण्यावर आहे. तर ही धक्क्यावरून ओरडली, टिल्ल्या, मुकाट्याने बाहेर ये, नाहीतर तंगडं मोडून हातात देईन!

आलोय की, म्हटलं.

तिने मोजे मांडीवर घेतले आणि बसली.

मंगळवार, ११ तारीख

आता किनाऱ्याला लागता येत नाही. धक्का दहा हातांवर. वल्हवतो, दहाच हात राहतात. पाण्यावरून आवाज मात्र स्वच्छ येतो.

मामाने तिला सगळं सांगितलं. काय म्हटलं की मी येईन, आणि मग कोण जाईल, तेही. लपवलं नाही.

ताई म्हणाली, मी त्याला पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी बोलत नाही.

हीच आमची ताई. मला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. वल्ह्याने हाताची साल निघालीय, रक्त नाही.

ती अजून बसलीय.

गुरुवार असावा

काकू तिच्यापुढे ताट ठेवतात, तसंच उचलतात. ताई परवापासून जेवली नाही.

जेव ना ग.

दुपार

उठली. मोजे धक्क्यावर ठेवले. खोपटात गेली. दार उघडंच— फळ्यासमोर उभी. पाठ दिसतेय.

ती नाही बोलायची. मी ओळखतो तिला. ती नाही—

बोटांना मुंग्या आल्या.

हात झोंबतोय. वहीवर रक्त. थंडी— केवढी थंडी, दात वाजतायत—

होडी सरकली. मी वल्हवत नाहीये.

ताई नको. तू पाहिलं नाहीस. ‘पाहिला’ म्हणू नको— तू कधीच खोटं—

धक्का लागला. मामाने हात धरला. गरम हात. मला बघतोय. खोपटात कुणी नाही.

मामा, ताई कुठे—