बसायला घेतली

तीर्थरूप मामा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहू? साष्टांग घालायला खोलीत आडवं पडण्याइतकी जागा लागते. जी होती तिथे आता खुर्ची आहे, आणि सगळा तमाशा त्या खुर्चीवरूनच झालाय. तेव्हा हा उभ्याउभ्याच केलेला नमस्कार गोड मानून घ्या. मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या दवाखान्यातले डॉक्टर अजून औषधांची नावं तुम्हालाच विचारतात का? (दवाखाना डॉक्टरांच्या पाटीवर आणि कंपाउंडरच्या डोक्यावर चालतो, असं मी इथे सगळ्यांना सांगत असतो.) आम्ही इकडे सुखरूप. माझी प्रकृती ठणठणीत आहे. कंबर, मणका, पाय, काही म्हणता काही दुखत नाही. हे मुद्दाम लिहितोय. का, ते पुढे येईलच.

तुमच्या भाच्याचा धंदा तुम्हाला माहीत आहे. सलूनमध्ये कारागीर. शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत मी उभा, आणि माझ्यासमोर पाठ मागे जाणारी, पाय ठेवायला फळी असलेली, गुबगुबीत खुर्ची. आरामाच्या इतकं जवळ राहून इतकं उभं राहायला दुसऱ्या कुठल्या धंद्यात लागत असेल असं वाटत नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, असा मालकाचा नियम. कारागीर बसलेला दिसला की धंदा बसला असं रस्त्यावरच्या लोकांना वाटतं म्हणे. (मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. तो बसलेला दिसला की लोकांना काय वाटतं, हे विचारायची माझी हिंमत नाही.)

आणि त्या खुर्चीत बसून लोक काय बोलतात, मामा! हल्ली एकच विषय. गरिबांना पैसा वापरता येत नाही. घरात धड भांडी नाहीत आणि भिंतीवर टीव्ही केवढा! पोरांना शाळेचे बूट नाहीत आणि हातात मोबाइल! एक गृहस्थ आहेत, दाढीला नेमाने येतात, त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईने नखांना रंग लावला म्हणून त्यांचा अख्खा आठवडा खराब गेला. हे सगळं मला सांगतात, गळ्यावर माझा वस्तरा असताना. यावरून त्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते कळतं, किंवा मीही त्या गरिबांतलाच एक आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. मी आपला म्हणतो, ‘हनुवटी जरा वर करा साहेब.’ हनुवटी वर असली की माणसाला बोलता येत नाही. आमच्या धंद्यात तेवढंच एक सुख आहे.

तर झालं असं, की समोरच्या इमारतीतल्या एका वकिलाने कचेरी बंद केली आणि सामान काढलं. त्यात ही खुर्ची. तपकिरी रंगाची, एका हाताशी थोडी फाटलेली, बाजूला दांडा, तो ओढला की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात. मी बक्षिशीचे पैसे साठवून ठेवले होते. कशासाठी, ते ठरलं नव्हतं. खुर्ची पाहिली आणि ठरलं. चोरी केली नाही, उधार मागितलं नाही, कुणाच्या तोंडचा घास काढला नाही. पण हमालाबरोबर ती वर आणताना जिन्याच्या वळणावर अडकली, आणि तिथेच माझं नशीब फिरलं. जिना एकच, आणि संध्याकाळची वेळ. ज्याला वर जायचं, ज्याला खाली जायचं, तो प्रत्येक जण खुर्चीपाशी थांबला, आणि रस्ता अडवल्याची भरपाई म्हणून प्रत्येकाने मत दिलं. कुणी म्हणालं, यापेक्षा कपाट घ्यायचंस. कुणी म्हणालं, पोरीच्या लग्नाचं बघायचंस. वरच्या मजल्यावरच्या पेन्शनवाल्या आजोबांना तर ओलांडताच येईना. मग ते तिथेच, जिन्यात, खुर्चीवर बसले, आणि बसूनच त्यांनी मला काटकसरीचं महत्त्व सांगितलं. दांडा कुठे असतो तेही विचारलं. त्यांना उठवेपर्यंत आमचे हात गळून गेले.

हेही पोटात घातलं असतं. पण मधे संस्था आली. तुमची नात प्रयोगशाळेच्या कोर्सला निवडली गेलीय हे तुम्हाला कळवलंच होतं. त्याची फी आपल्या आवाक्यातली नाही, म्हणून गरजू मुलींना मदत करणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. गुणांवरून त्यांनी तिला पसंत केलं, फक्त एक साहेब घरी येऊन आपण खरंच गरजू आहोत का ते बघून जाणार होते. आता मामा, गरजू असणं मला जन्मापासून जमलंय, पण गरजू दिसायचं कसं हे कुणी शिकवलेलं नाही. घरात खुर्ची! तुमच्या सूनबाईने डोकं लढवलं. खुर्चीवर चादर टाकली, चादरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग रचला, आणि पुढे एक बादली ठेवली. (बादली कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, गरिबीला शोभते.) साहेबांसाठी शेजारून स्टूल आणलं.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर मामी म्हणतील मी एकांगी लिहितो. उन्हातून आले होते, चार जिने चढून दमले होते. स्टूल डगमगतंय असं पाहून त्यांनी बादली बाजूला केली आणि सरळ त्या ढिगावर बसले. बसले आणि त्यांच्या तोंडून सुखाचा ‘आऽऽ’ निघाला. तुमच्या सूनबाईने चादरीचं टोक आणखी खाली ओढलं. पण त्यांना वाटलं असावं कपड्यांचाच ढीग मऊ आहे, कारण ते प्रश्न विचारायला लागले. कमावणारे किती, भाडं किती, बाहेर खाता का, सिनेमाला जाता का. मी बाजूला उभा राहून उत्तरं देत होतो. (स्वतःच्या घरातसुद्धा उभाच! सवय हो.) बोलता बोलता साहेबांनी डोकं मागे टेकलं, आणि तिथे घात झाला.

मामा, माझ्या बाजूला बसलेल्या माणसाने डोकं मागे टेकलं की माझा हात आपोआप दांड्याकडे जातो. मेंदूला विचारत नाही. पाठ मागे गेली, पाय वर आले, कपडे चहूकडे सांडले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण दुसऱ्या हाताने बाजूला लोंबणारी चादर ओढून मी त्यांच्या अंगावर टाकली, गळ्यापाशी नीट खोचली, आणि विचारलं, ‘बारीक की मध्यम?’ तुमच्या सूनबाईने कपाळावर हात मारला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

साहेब दचकून उठतील, रागावतील, असं वाटलं. तर त्यांनी छताकडे बघत पुढचा प्रश्न विचारला, घरात काही चैनीच्या वस्तू आहेत का. आणि माझं उत्तर यायच्या आत त्यांना झोप लागली. चांगली गाढ. घोरायला लागले. आम्ही तिघं त्यांच्याभोवती उभे. उठवायचं तरी कोणी? शेवटी कुकरची शिट्टी झाली आणि ते जागे झाले. आधी चादर पाहिली, मग खुर्ची. चेहरा पाहण्यासारखा झाला. आणि मग, हे कबूल केलं पाहिजे, त्यांनी मला वाट काढून दिली. हळू आवाजात विचारलं, ‘काही वैद्यकीय कारण असेल ना? मणक्याचं वगैरे? तसं असेल तर प्रश्नच मिटला.’ तुमची सूनबाई मागून माझा शर्ट ओढत होती. पोरगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, मामा.

मी म्हणालो, ‘नाही साहेब. बसायला घेतली.’

त्यांनी कागदावर लिहिलं, चैनीची वस्तू आढळली. ज्या वस्तूवर स्वतः घोरत पडले तीच! जाताना एवढं म्हणाले, की समितीची बैठक येत्या आठवड्यात आहे, तोवर खुर्चीचा काही समाधानकारक खुलासा कागदावर आला तर बघू. (आणि जिन्यातून मागे वळून, वकिलाकडे अशीच अजून एक आहे का, हे विचारलं. नाही म्हणून सांगितलं. असती तरी सांगितलं नसतं.)

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. चैन! पडून राहिलं तरी चैन पडत नाही असं आपण म्हणतो ना, मग ज्याला कधीतरी ती पडली त्याने काय गुन्हा केला? श्रीमंताने खुर्ची घेतली की ते फर्निचर. मी घेतली की तो माझा स्वभाव. तोच साहेब माझ्या घरी कपाट बघून खूश झाला असता. कपाटात ठेवायला माझ्याकडे काय आहे? आणि सगळ्यांत संताप याचा येतो, की आजारी असलो तर खुर्ची चालते. म्हणजे माझ्यासारख्याने बसायचं असेल तर आधी मोडून पडायचं, मोडल्याचा कागद आणायचा, मग बसायचं. धडधाकट माणसाला दमायची परवानगी नाही. मी ठरवलंय, मान गेली तरी खोटं दुखणं सांगणार नाही. मला बसायचं होतं. बस्स. यापलीकडे खुलासा नाही, आणि हे मी त्या समितीसमोर छातीठोकपणे सांगायला तयार आहे.

मामींना नमस्कार. तुमचे आशीर्वाद पाठीशी आहेत म्हणूनच एवढं तोंड चालतं.

तुमचा भाचा
(हे सगळं उभ्यानेच लिहिलंय. खुर्चीवर सध्या कोणी बसत नाही. सूनबाईने तिच्यावर पिठाचा डबा ठेवलाय.)

ता. क. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी मिळेल का? सलूनच्या मालकाच्या हाती पडली तरी माझी नोकरी जाणार नाही, इतपतच दुखणं असावं. उभं राहता येतं, पण घरी पाय वर करून बसणं आवश्यक, असं काहीतरी. दांड्याचा उल्लेख आला तर उत्तम. अक्षर तुमचं असू दे, लोकांना वाचता आलं पाहिजे.

ता. क. दुसरं. वरचं वाचून तुम्ही हसाल. हसा. पण काल पोरगी म्हणाली, ‘राहू द्या बाबा, त्यांच्या हातापाया पडू नका, मी औषधाच्या दुकानात लागते, त्यांना काउंटरवर मुलगी हवीच आहे.’ मी जाऊन बघून आलो, मामा. त्या काउंटरच्या मागे स्टूलसुद्धा नाही.

ता. क. तिसरं, आणि हे फक्त तुम्हाला. डॉक्टरांना खोटं लिहायला लागू नये म्हणून सांगतो. माझ्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्यात, संध्याकाळी चप्पल पायात जात नाही, आणि डाव्या घोट्यापाशी कातडी काळी पडलीय. घरात कुणाला दाखवलेलं नाही, सलूनमध्ये तर नाहीच. पाय धड असते तरी खुर्ची घेतली असती, हे मात्र चिठ्ठीत लिहू नका. चिठ्ठी लवकर पाठवा. आणि या पत्राचं पहिलं पान फाडून टाका. माझी प्रकृती ठणठणीत असल्याचं त्याच्यावर लिहिलंय.