दोन लीग आणि एक स्ट्रोक

१ नोव्हेंबर, शनिवार

वजन वाचून दाखवलं आमचं. माइकवरून! आधी नाव, मग गाव, मग उंची, मग वजन, आणि मागं धडाधडा म्युझिक. सांगलीच्या एका मंगल कार्यालयात ड्राफ्ट होता. हॉकीची नवीन लीग, सतरा वर्षांखालच्या मुलींची. स्टेजवर लाइट, समोर सोफ्यावर टीमचे मालक — एक सराफ, एक गुळाचा व्यापारी, एक क्लासवाला, बाकीचे कोण ते कळलं नाही. पोरीनं एका बाजूनं यायचं, मध्ये थांबायचं, स्टिक खांद्यावर घ्यायची, दुसऱ्या बाजूनं जायचं. ज्या मालकाची पाटी आधी वर, त्याची पोरगी.

आबा मेंढरं घेऊन जतच्या बाजाराला जातात तेव्हा गिऱ्हाईक असंच बघतं. तिथं निदान दात बघतात. इथं सराफानं माझ्याकडं बघून शेजाऱ्याला विचारलं, "ही हसत नाही का?"

नाही हसले.

आमच्या कोरेगावची अर्फा, माझी मैत्रीण, पहिल्याच फेरीत गेली. सराफाच्या टीममध्ये. फोटोवाला तिला म्हणाला, स्कार्फ काढून एक घेऊ. ती नको म्हणाली. तो परत म्हणाला. ती परत नको म्हणाली, तेवढ्याच हळू आवाजात. मला वाटलं मीच जाऊन त्याच्या कॅमेऱ्यावर स्टिक घालावी.

गोलकीपर सगळ्यात शेवटी. मला क्लासवाल्यानं घेतलं. त्याची एक जागा उरली होती आणि मी उरले होते.

लीग काढलीय वीरधवलदादांनी. कडक पांढरा शर्ट, दर वाक्याला 'व्हिजन'. म्हणाले, फायनलला मोठ्या लीगच्या एका टीमचा माणूस येणार आहे, तुमच्यातल्या चौघींना शिबिराला उचलणार. तेवढ्यासाठी आलो आम्ही. नाहीतर काय!

२ नोव्हेंबर, रविवार

कोरेगावचं मैदान. मुरूम. उडी मारली की कोपर सोलतं. ही आमची जिल्ह्याची लीग — दर रविवारी, पूर्ण तासाची मॅच, बघायला दोन म्हशी आणि निजामचाचा. निजामचाचा म्हणजे अर्फाचे वडील. गादीचं दुकान आहे त्यांचं. माझे पॅड फाटले की कापूस भरून तेच शिवून देतात.

ही लीग चालवणाऱ्या आमच्या नाथाजी सरांना ड्राफ्टचं कळलंच होतं. मॅचआधी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय प्रांजल, वजन भरलं का?" पोरी हसल्या. मग सरांचं भाषण. तिकडं तमाशा आहे, इकडं हॉकी आहे. तिकडं दिसाल, इकडं शिकाल. मला विचाराल तर त्या मैदानावर मी पाय ठेवणार नाही. जायचं तर जा, खराब होऊन येऊ नका.

खरं सांगायचं तर सर बरोबर आहेत. पण सरांच्या लीगमधून सात वर्षांत एक पोरगी कुठं गेली नाही. शिकून काय म्हशींना दाखवायचं?

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिली सांगलीची मॅच. माधवनगरच्या अलीकडं खासगी मैदान, नवं टर्फ, मऊ खोटं गवत. पहिल्यांदा टर्फवर पडले. लागलंच नाही! वाटलं असंच पडत राहावं.

एवढंच चांगलं. बाकी दहा-दहा मिनिटांचे चार तुकडे, मध्ये डान्स, आणि दर तुकड्याला गोलकीपर बदलायची. मालकाची भाची क्रांती पण गोलकीपर आहे. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात ती, कारण तेव्हा व्हिडिओ निघतो. मी मधल्या दोन. क्रांती वाईट नाही, बिचारीला बॉलची भीती वाटते.

माझ्याकडं एकच शॉट आला. एक! त्यासाठी गाडीनं सांगलीपर्यंत यायचं.

१२ नोव्हेंबर

आबांचा फोन. गावात कुणीतरी माझा फोटो दाखवला मोबाइलवर, स्टेजवरचा. आबांना आनंद झालाय. म्हणाले, "पोरी, लय भारी दिसतीस गं. ह्येच ते मोठं खेळणं व्हय?"

व्हय म्हटलं. काय सांगणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

कोरेगावात आज कराडच्या पोरींनी भाजून काढलं आम्हाला. एवढे बॉल आले की शेवटी हेल्मेटमध्ये माझाच श्वास मला सहन होईना. तीन गोल खाल्ले. पण सर मॅचनंतर अर्धा तास एकटीला घेऊन बसले, तिसरा गोल का गेला ते काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. "तू बॉल मारायच्या आधी हलतेस. हलायचं नाही. बॉल स्टिकवरून सुटला की मग."

सांगलीत महिन्याभरात येणार नाहीत तेवढे बॉल इथं एका रविवारी येतात. आणि सांगलीत कुणी काडी हातात घेत नाही. घेतात ती सेल्फीची.

२२ नोव्हेंबर, शनिवार

किळस आली आज. अर्फाला 'स्टार ऑफ द डे' दिलं, त्याच्या आधी तिला सांगितलं की आज तूच आहेस. मॅच सुरू व्हायच्या आधी! ती खेळलीही चांगली, तो भाग वेगळा. पण आधी ठरलेलं. तिला विचारलं, तुला काही वाटत नाही? म्हणाली, "वाटतं ना. काय करू? अब्बांना ट्रॉफी आवडली."



२९ नोव्हेंबर, शनिवार

आम्ही फायनलला. अर्फाची टीम पण. क्रांतीचं बोट सुजलं, त्यामुळं शेवटचे दोन तुकडे मी खेळले. काहीतरी जमलं. वीरधवलदादांनी पाठीवर थाप मारली, ती नको तेवढा वेळ तिथंच राहिली. घरी येऊन शर्ट धुवायला टाकला; कोरेगावात मी आत्याकडं राहते, तिला म्हटलं, दोनदा धू.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज सरावाला सगळ्यांना सांगलीत बोलावलं होतं. उद्या फायनल. सराव झाल्यावर वीरधवलदादांनी मला बाजूला घेतलं, पाण्याच्या टाकीखाली. आधी क्रांती उद्या खेळणार नाही, सगळी मॅच तुझी, असं सांगितलं. मी एवढी खूश झाले की पुढचं नीट ऐकलंच नाही. परत सांगायला लावलं.

बरोबरी होऊन फायनल शूटआउटपर्यंत गेली पाहिजे. बक्षीस देणारे लोक येणार, चॅनलवाला येणार, लोकांनी उठून जाता कामा नये. तुमची टीम एका गोलनं पुढं असली तर शेवटच्या मिनिटांत अंपायर अर्फाच्या टीमला स्ट्रोक देईल. पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे समोर फक्त मी आणि मारणारी. अर्फा मारेल. गोलच्या एका हाताला उद्यासाठी बांधलेलं स्टेज, दुसऱ्या हाताला ही टाकी; मी स्टेजच्या बाजूला उडी मारायची. टाकीची बाजू मोकळी सोडायची.

म्हटलं, आणि नाही सोडली तर?

ते हसले. "अगं, हरायला कुठं सांगतोय? बरोबरी होईल, मग शूटआउट तू जिंक की! त्या मोठ्या लीगच्या माणसाला मी तुझंच नाव सांगितलंय."

थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. मान हलवली — हो म्हणून नाही, पण त्यांनी हो धरलं.

अर्फाला माहीत असणार. तिला सांगितल्याशिवाय कसं होईल? परत येताना ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी विचारलं नाही. 'स्टार ऑफ द डे' घेतलंच की तिनं.

६ डिसेंबर, शनिवार

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते.

नाथाजी सर आले होते! स्टेजवर, दुसऱ्या खुर्चीत. शाल, नारळ, फेटा. या मैदानावर पाय ठेवणार नाही म्हणणारे सर. भाषणात म्हणाले, अशा लीगची काळाला गरज आहे. मी हेल्मेट घालून घेतलं. चेहरा दिसायला नको.

आम्ही दोन-एकनं पुढं. मी चांगली खेळले. हे मी स्वतःबद्दल सहसा लिहीत नाही, पण चांगली खेळले. मग शेवटच्या तुकड्यात आमच्या एका पोरीच्या पायाला बॉल लागला, साधा पेनल्टी कॉर्नर होता, आणि अंपायरनं सरळ स्ट्रोकची खूण केली. कुणी भांडलंही नाही. सगळी तयारीच.

अर्फा आली. बॉल ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. मी ठरवूनच उभी होते. त्यांनी टाकीची बाजू सोड सांगितलंय, म्हणजे बॉल टाकीच्या बाजूला येणार. मी तिकडंच जाणार. फुकटचा गोल देणार नाही — तिला पण नाही. तिला तर नाहीच.

शिट्टी झाली आणि मी टाकीकडं झेपावले. पूर्ण ताणून.

बॉल स्टेजच्या बाजूनं गेला. हळू. कुणीही अडवला असता.

दोन-दोन. म्युझिक. शूटआउट आम्ही हरलो, मला काही दिसतच नव्हतं. अर्फा गोल मारून नाचली नाही, गुपचूप मागं गेली. आणि वीरधवलदादा! सगळ्यांसमोर माझ्या हेल्मेटवर टिचकी मारून म्हणाले, "थँक्यू हं, बेटा."

बेटा.

म्हणजे मी ऐकणार नाही हे त्यांनी आधीच ओळखलं. मला एक बाजू सांगितली, अर्फाला दुसरी. आणि तिनं मारला. घरातल्यासारखी आहे म्हणे ती मला.

७ डिसेंबर, रविवार

मॅच होती कोरेगावात. सरांनी मला खेळवलं नाही. सगळ्या गेल्यावर विचारलं, "काल आधीच का हललीस? अलीकडं तू हलत नव्हतीस."

मी सगळं सांगितलं. टाकीखालचं, स्ट्रोकचं, मी न ऐकता उलट बाजूला गेले ते. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सोडायला सांगितला. आणि सुटला. मग उलट गेलीस म्हणून काय फरक पडला?"

म्हटलं, सर, तुम्ही शाल का घेतली?

सर उठले. मोटारसायकलला किक मारली आणि गेले.

एक लीग वजन मोठ्यानं वाचते. दुसरी गप्प राहून तोलते. दोन्हीचा वीट आलाय.

१० डिसेंबर

शिबिराची चार नावं आली. अर्फा आहे. मी नाही. त्यांनी उचललेली गोलकीपर सोलापूरची.

निजामचाचा पेढे घेऊन आले होते आत्याकडं. माझे पॅड पण आणले होते, शिवून. "तुझं बी हुईल गं पुढच्या साली," म्हणाले. त्यांना काहीच माहीत नाही. पेढा तोंडात धरला आणि ते गेल्यावर मोरीत टाकला.

अर्फा आली नाही. फोन पण नाही. बरोबरच आहे.

११ डिसेंबर

आबांचा फोन. उचलला नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

पहिला शनिवार, सांगलीला जायचं नाही. आत्यानं विचारलं, खेळ सोडलास का? माहीत नाही म्हटलं. पॅडचा वास सगळ्या खोलीत भरलाय. बाहेर काढून ठेवले. मग कुत्रं ओढून नेईल म्हणून परत आत आणले. ओढून नेलं असतं तरी बरं झालं असतं.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी मैदानावर गेले, कुणी यायच्या आधी. अर्फा तिथं होती. रोलरवर बसलेली. मी परत फिरले तर मागनं म्हणाली, "मला वीरधवलदादा टाकीकडं मार म्हणाले होते. प्रांजल तिकडची बाजू सोडणार आहे म्हणाले."

मी थांबले.

"म्हणून मी स्टेजकडं मारला. हळू. तू तिथं असशील, अडवशील म्हणून. तू तिथं का नव्हतीस?"

सांगितलं तिला का नव्हते ते.  दोघींनी नाही म्हटलं होतं, आणि म्हणूनच गोल झाला. मी आठ दिवस तिच्यावर थुंकत होते मनातल्या मनात. ती पण माझ्यावर — मी त्यांचं ऐकायचं ठरवून आयत्या वेळी गोंधळले असं वाटलं होतं तिला.

मग तिनं विचारलं, "शिबिराला जाऊ का नको? तू सांग. तो गोल माझा नाही."

पॅड बांधले. म्हटलं, आता मार. खरा.

या वेळी बॉल सुटेपर्यंत हलले नाही. दिसला, झेपावले, हात पूर्ण ताणला. वरच्या कोपऱ्यात गेला. बोटसुद्धा लागलं नाही.

जा म्हटलं.