काडेपेटीच्या विटांची कमान

सोमवार, दि. ६ जानेवारी
चि. मीनल (नात, शिक्षिका) शाळा सुटल्यावर येऊन गेली. तिने तिच्या वर्गातील मुलींसाठी प्लास्टिकच्या विटांचा डबा घेतला आहे. एकीवर दुसरी दाबली की पक्की बसते. मुलींनी किल्ला केला, तेव्हा हिने त्यांना माझी हकीकत सांगितली : काडेपेटीच्या साच्यात पाडलेल्या मातीच्या विटा, त्यांची वीतभर कमान, ती पाहून बांधकामाच्या गुत्तेदाराने दहा वर्षांच्या मला कामावर नेले, इत्यादी. आता मुलींना ती कमान पाहावयाची आहे. शनि. सकाळी नऊला बावीस मुली मस्तगडला माझ्या घरी येणार.
"आजोबा, बिलकुल तशीच पाहिजे हं."
होकार दिला. प्लास्टिकची वीट हाताळून पाहिली. माप काटेकोर. हिला चुकण्यास वाव नाही.

मंगळवार, दि. ७
माती चाळली, राख मिसळून भिजवली. साठ विटा पाडल्या. पूर्वीची काडेपेटी पातळ लाकडाची असे; हल्लीची पुठ्ठ्याची, पाच-सहा विटांत गळाठते. अकरा पेट्या खर्ची पडल्या.
सूनबाई : "मामा, गॅस कशानं पेटवू?"
काड्या वाटीत काढून ठेवल्या आहेत, असे सांगितले.
"आन् घासू कशावर? कपाळावर?"
एका गळाठलेल्या पेटीची बाजू कापून दिली.
हाताला मातीचा वास राहिला आहे. गावच्या वीटभट्टीवर आग सांभाळणारे रहीमचाचा आमच्या चिमुकल्या विटा मोठ्या विटांच्या फटीत ठेवू देत. "रक दे बेटा, आग कू छोटी-बडी क्या मालूम." ही गोष्ट मी नेहमी अशीच सांगत आलो आहे.

बुधवार, दि. ८
थोरली बहीण आक्का वाटूरहून दुपारच्या गाडीने आली. डोळे तपासावयाचे आहेत. गच्चीवर विटा वाळत घातलेल्या पाहून म्हणाली, "आगं माय! बापू, म्हातारपणी ह्ये काय मांडलंस?"
शनिवारचा बेत सूनबाईंनी सांगितला. आक्काने एक वीट उचलून कडेवरून अंगठा फिरवला व जागेवर ठेवली. तिच्या न बोलण्याची मला सवय नाही.

गुरुवार, दि. ९
स. डोळ्यांचे डॉक्टर. मोतीबिंदू, पण घाई नाही.
दु. कमान उभारून पाहिली. निमुळत्या विटा बरोबर बसल्या. खाली आधारास वाळूची पुरचुंडी. शेवटची मधली वीट बसली की पुरचुंडीस भोक पाडून वाळू सोडावयाची; आधार हळूहळू खाली उतरतो व कमान आपल्या पायांवर उभी राहते. मोठ्या कामांवर पोती लावून हेच चाळीस वर्षे केले. जालन्याचे मिस्त्री या रीतीला माझ्या नावाने ओळखतात.
कमान पडली. पुन्हा उभारली. पुन्हा पडली.
आक्का खुर्चीवरून म्हणाली, "रेती एकदम सुटू राह्यली. ज्वारी घे, बापू. दाना दाना पडतो."
ज्वारी भरली. कमान उभी राहिली.
सूनबाई : "आत्याबाई, तुम्हाला हो कसं ठाऊक?"
आक्का : "ह्यानंच दाखवल्तं ल्हानपणी."
मी मान खाली घालून सांडलेली ज्वारी गोळा केली.

शुक्रवार, दि. १०
जे कधी लिहिले नाही ते लिहितो.
कमान आक्काने केली होती. साच्याची एक बाजू आत दाबून निमुळती वीट पाडण्याची युक्ती तिची. ज्वारीची पुरचुंडी तिची. मी माती तुडवली व पाणी आणले. रहीमचाचा 'बेटा' म्हणाले नव्हते, 'बेटी' म्हणाले होते.
गुत्तेदार भट्टीवर विटा ठरविण्यास आला होता. त्याने विचारले, कोणी केली? मी म्हणालो, मी. आक्का शेजारीच होती, वय बारा. तिने मातीचे हात परकराआड नेले.
चौथीची परीक्षा देऊन मी कामावर गेलो. तिला शाळा नव्हतीच. पुढल्या वर्षी तिचे लग्न झाले.
त्यानंतर ही हकीकत मी मुलांना, नातवंडांना, कामावरील माणसांना सांगितली. तिच्या देखतही सांगितली. एकदाही अडखळलो नाही.
उद्या बावीस मुली ती ऐकून वहीत लिहून नेतील.

शनिवार, दि. ११
पहाटे स्नान. पांढरा सदरा, टोपी.
आक्का अंगणात कोवळ्या उन्हात बसली होती. जवळ जाऊन सांगितले, आज मुलींना खरे ते सांगणार आहे. कमान तूच त्यांच्यासमोर उभी कर.
"आन् डोळ्याला दिसंना मला!"
हाताने होईल, म्हणालो.
तिने सुपातल्या दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "तुला हलकं व्हायचंय, व्हय?"
मी म्हणालो, तुझे श्रेय तुला मिळावे.
"ह्या वयात घेऊन कुठं ठिवू त्ये? माझ्या लेकीबी तुझीच गोष्ट सांगत्यात त्यांच्या पोरान्ला. मामानं कमान केली म्हून."
"तर मग सांगू नको?"
"सांग की. म्या कुठं न्हाई म्हनले? पन पोरी लई हुशार असत्यात आता. तुला काई इचारायच्या न्हाईत. मला इचारतील, आज्जी, तुम्ही तवा बोलल्या का न्हाईत? मंग मी काय सांगू, बापू? त्येवढं सांगून ठिव."
शेंगांचे सूप तिने माझ्याकडे सरकवले. मीही सोलू लागलो.
सव्वाआठ झाले. मीनलचा फोन आला. मुली निघाल्या आहेत. आक्का विटांजवळ येऊन बसली आहे; ज्वारी भरून विचारते आहे, पुरचुंडीस दोरा कोणता बांधू.