रंगीत जास्वंदीचं पाणी

लातूर,
दि. ९ मे १९८६

प्रिय खातून,

शरणार्थ आणि सलाम. हितं सगळं बरं हाय, तिकडं धर्माबादला तुम्ही तिघी बऱ्या असाल. सगळं बरं म्हणजे काय, तर जीव हाय. टँकर कधी दिवसाआड येतो, कधी चार दिवस तोंड दाखवत न्हाई. जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी झाली, साहेबांचे बंगले झाले, पाणी मात्र तालुक्याचंच राहिलं.

तुझे मालक, निजामोद्दीन भाई, ठीक हायेत. घरापुढच्या दुकानात शिलाई मशीन चालू असते. मी भाकरीचा डबा पाठवला तर तसाच परत आला. भूक नसंल.

माझ्या रंगीत जास्वंदीचं लिहू का? पानं निम्मी हिरवी, निम्मी पांढरी, कडंला गुलाबी, अन् वर लालभडक फूल. एखादा फुटवा निव्वळ हिरवा आला की मी खुडते, न्हाईतर सगळं झाडच हिरवं होऊन बसतं. गल्लीतलं समदं करपलं, हीच एक नवरीसारखी नटलेली. बंगल्यातल्या इंजिनेर साहेबाची बायको रिक्षा थांबवून बघायची. "मावशी, असल्या दुष्काळात हे जगवलं कसं?" मी म्हणायची, "देवाचं पाणी हाय बाई." अन् फुगायची नुसती.

ते देवाचं पाणी काय, आता सांगते. हाजरा, पत्र तूच वाचून दाखवत असशील. बेटा, इथं थांबू नको, अम्मीला सगळं वाच.

आमच्या लिंगायतांत लिंगपूजेचं पाणी पायदळी येऊ देत न्हाईत, झाडाच्या बुडाशी घालतात. ते असतं तांब्याभर. मी त्यातले चार थेंब भरल्या घागरीत टाकायची. झाली अख्खी घागर देवाची! घरात पिण्याच्या पाण्याची मारामार, पण देवापुढं सुनेची बोलायची काय बिशाद?

त्या दिवशी तू रिकामी कळशी घेऊन आलीस. हाजराच्या लेकीचं छटीचं, सहाव्या दिवसाचं न्हाण होतं अन् टँकर आला नव्हता. माझी घागर काठोकाठ भरलेली. पण दुसऱ्या दिवशी साहेबाची बायको जास्वंदीचं कलम न्यायला येणार होती. मी म्हणाले, "हे देवाचं हाय गं, बाळंतिणीच्या विटाळाला कसं देऊ?"

विटाळ! गळ्यात लिंग असलेल्या बाईनं हे बोलावं! आमच्यात बाळंतपणाचा विटाळ धरत न्हाईत, हे तुला माझ्याइतकंच माहीत. माझ्या बाळंतपणात चुलीपासून देवघरापर्यंत तूच तर वावरलीस. तरी तू नुसतं "बरं" म्हणालीस अन् वळलीस. संध्याकाळी ती घागर मी जास्वंदीला घातली, आळ्यातली ओल दिसली असंल तुला. सकाळी लेक-नात घेऊन भावाकडं निघून गेलीस.

या गल्लीतलं कुठलं लेकरू माझ्या पायांवर न्हालं न्हाई, सांग बरं. हाजरा, तूसुद्धा! किती रडायचीस, माझं लुगडं भिजवायचीस. अन् तुझ्याच लेकीला मी पाणी नाकारलं. लई वाईट वागले मी, खातून. खोटं बोलले ते बोलले, वर देवाला पुढं केलं.

काल टँकर आला. घागर घेऊन तुझ्या दारात गेले. भाई मशीनवरून उठले, अदबीनं म्हणाले, "भाभी, आता हितं न्हाणारं कोण हाय?" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन झाड उपटायला निघाले होते. पण त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? आता त्याला खरोखर तांब्याभरच घालते. पानं गळून राहिलीत. साहेबाची बायको विचारती काय झालं, मी म्हणते दुष्काळ हाय.

चिल्ल्याचं, चाळिसाव्या दिवसाचं न्हाण अजून व्हायचं असंल. त्याला लातूरला ये म्हणायला मला तोंड न्हाई. तू "ये" म्हणालीस तर मीच धर्माबादच्या गाडीत बसते. नको म्हणालीस तर तेही बरोबरच हाय. शिव्या लिही, हाजराच्या हातून लिही, पण या वेळी गप राहू नको गं.

"तुझी" लिहायला हात धजत न्हाई, म्हणून नुसतीच,
शिवकांता