शेकोटीजवळचा आकडा

केदारखेडा,
१७ फेब्रुवारी १९९४

प्रिय उषाताई,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र सोमवारी पोचलं. पुण्याच्या हवामान कार्यालयात तुला स्वतःचं टेबल मिळालं, हे आईला दोनदा वाचून दाखवलं. इकडे सगळे बरे आहेत. थंडी ओसरली. सरकारी बियाण्याच्या शेतावर मी रोज साडेआठला रात्रीचं किमान तापमान टिपते. मला कायम करण्याचे कागद मार्चमध्ये जातील म्हणतात. आबांना तिथेच चौकीदारीची चार वर्षं उरली आहेत.

अकरा जानेवारीला आसपासच्या सगळ्या केंद्रांवर तीन-चार अंश असताना आमच्याकडे ७.८ कसं, असं तू मागे विचारलं होतंस. "यंत्रात दोष असावा," असं मी कळवलं. त्यावर तुमच्याकडून नवी तापमापी आली. दहा दिवस दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. जुनीत काहीही दोष नाही.

त्या पहाटे तापमापीच्या पेटीजवळ शेकोटी होती. चौकीदाराने चार वाजताच पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवल्या, पेटीपासून चार हातांवर. सगळ्यात जास्त गारठा सूर्य उगवताना पडतो आणि नेमका तेव्हा तिथे जाळ होता. चौकीदार म्हणजे आमचे आबा. आदल्या दिवशी माझ्या हातातून पेन्सिल गळून पडली होती, ते त्यांनी पाहिलं होतं.

परवा मी त्यांना विचारलं.

"म्या काय चोरी केली का? पोरगी गारठून राह्यली म्हणून चार काड्या लावल्या."

"आबा, आपल्याला तो गारठाच मोजायचा असतो."

"मंग तुझ्या सायबाला म्हणावं, थंडी मोजायला माणूस बी गारठलाच पाहिजे का? त्यो जीपमधून उतरत बी न्हाई."

आई हसली. मलाही हसू आलं.

ताई, यंत्राचा दोष कागदावर सगळ्यांच्या सोयीचा आहे. जुनी तापमापी मोडीत निघेल आणि कोणी काही विचारणार नाही. पण आपण दोघी वसतिगृहात काय बोलायचो, ते तुला आठवत असेल. आपल्या भागाची खरी माहिती आपण लिहू, असं मीच जास्त बोलायचे.

आणखी एक सांगायचं आहे. मी आठला पोचले तेव्हा समोरचा हरभरा गोठलेल्या दहिवराने पांढरा पडला होता. बैलांच्या हौदात पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा होता. शेकोटीत निखारे होते. मी आधी हात शेकले आणि मग ७.८ लिहिलं. म्हणजे मला लिहितानाच कळत होतं.

सोबत अर्ज जोडला आहे. त्या तारखेचा आकडा खोडून जागा कोरी ठेवावी. तिथे अंदाजाने तीन किंवा चार लिहू नये. त्या सकाळी केदारखेड्यात किती थंडी होती, ते आता कोणालाच कळणार नाही. अर्ज तुमच्या साहेबांकडे दे. माझ्यासाठी तो टेबलात ठेवू नकोस.

काल आबांना अर्ज वाचून दाखवला. ते म्हणाले, "माझं नाव पुरं लिही, बापासकट. पन तू हात शेकले ते लिहू नको."

दोन्ही लिहिलं आहे.

तुझी,
कौसल्या