आतली माया

चिमणे,

आईच्या कॅन्सरचा वारसा आपल्याही रक्तात असू शकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तू लगेच तपासून घेतलंस. तुझ्यात तो निघाला. गाठ नाही, दुखणं नाही, तरी तू दोन्ही स्तन काढून टाकलेस. मी म्हटलं, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस." वर महिनाभर बोलले नाही.

परवा तूच दुकानात आलीस. "ताई, हे ड्रेस छातीत आत घे. आणि माया ठेवू नकोस, कापून टाक."

मी शिंपीण. उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून शिवणीत दोन बोटं माया सोडायचीच, हे हाडीमाशी भिनलेलं. म्हटलं, "असू दे गं थोडी."

"कशाला? ते काय माहेरपणाला गेलेत परत यायला?"

तू खदखदून हसलीस. मी टेप लावून नवं माप घेतलं. एवढीशी तू, हे काळीज कुठून आणलंस?

आता खरं सांगते. तुझ्यामागोमाग मीही गुपचूप रक्त दिलं होतं. रिपोर्टचं पाकीट चार महिने मशीनच्या खणात बॉबिनांखाली पडून आहे. लोकांचं भारी कापड मी बेधडक कापते, पण त्या पाकिटाला हात लावायला धजत नाही.

तुझे ड्रेस झाले. माया ठेवली नाही. हे पत्र टाकणार नाही. ड्रेस द्यायला येईन तेव्हा तोंडानंच सांगेन, पाकिटात काय निघालं ते.

कात्री हातातच आहे.

तुझी,
आत्तापर्यंत भित्री असलेली ताई