आखाजीच्या आधी मागचे ब्रेक

२ एप्रिल १९६१, रविवार
धानोऱ्याहून व्याह्यांचा निरोप आला. गंगूला आखाजीच्या सणाला माहेरी पाठवतील, पण अट घालून. बाळ तीन महिन्यांचं, उन्हातान्हात बैलगाडीने नाही पाठवणार, मोटार आणा. आणि मोटारीत आप्पा स्वतः बसून आले पाहिजेत. मुलीचा बाप ज्या गाडीत बसत नाही तिच्यात आम्ही नातू का बसवावा, असं म्हणे व्याही. माणूस खवट, पण मुद्दा बिनतोड.

एकच बहीण. मागच्या आखाजीलाही आली नाही. मुराळी म्हणून गेलो होतो, हात हलवत परत आलो. गल्लीतल्या सगळ्या लेकी झोक्यावर, आमचा झोका रिकामा.

जेवताना आप्पांना सांगितलं. भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "जी गाडी थांबस नही, तिन्हामा कोन बठी?"

झालं. संक्रांतीच्या सुमारास गाडी तापीच्या उतारावर सुटली आणि कडब्याच्या गंजीत घुसून थांबली, ते त्यांनी ओट्यावरून पाहिलेलं. तेव्हापासून मोटारीला हातसुद्धा लावत नाहीत. वळसा घालून जातात.

मागचे ब्रेक घरीच करणार. शहाद्याचा मिस्त्री लगीनसराईत सापडायचा नाही, आणि आखाजी कोणासाठी थांबत नाही.

४ एप्रिल, मंगळवार
गाडी चिंचेखाली ठोकळ्यांवर चढवली. पुढच्या चाकांना दगड. मागची दोन्ही चाकं उतरवली. डावा ड्रम काही केल्या निघेना. हातोडी, रॉकेल, शिव्या. शेवटी बहुतेक शिव्यांनीच निघाला.

आत काय दशा! ड्रमला घासून चाक धरणारे लायनर झिजून रिव्हेट उघडे पडलेले, ड्रमला चरे. सिलेंडरचं रबर गळून सगळं ओलं. आजवर गाडी थांबत होती हेच नवल.

हिरा, आमची अर्धांगी, बघायला आली. सुरतेच्या ज्या शेटजींनी गाडी विकली ते 'एकदम टकाटक' म्हणाले होते ना, असं फार साधेपणाने विचारून गेली. मी पाना शोधत राहिलो.

६ एप्रिल, गुरुवार
ड्रम पोत्यात घालून नंदुरबारला. बसमध्ये शेजारचा विचारतो, भांडी का? हो म्हटलं. लेथवाल्याने झकास घासून दिले, चरे गेले. लायनर, तांब्याचे रिव्हेट, रबर, ब्रेक ऑइल, सगळं तिथेच मिळालं. खूश होऊन पेरू खात परत.

८ एप्रिल, शनिवार
सकाळभर लायनर शूच्या लोखंडी कमानींवर ठोकत बसलो. मधले रिव्हेट आधी, कडेचे मागून, म्हणजे फुगा राहत नाही. शू चढवले. स्प्रिंग लावताना अंगठा सोलला. ड्रम तेवढे राहिले, जेवायला गेलो आणि ओसरीत डोळा लागला. उठल्यावर ड्रम घातले, चाकं बसवली.

सं. हिराला पायडलवर बसवलं, ब्रेकच्या नळीतली हवा काढायला. मी खाली पडून 'दाब' म्हणायचं, तिने दाबून धरायचं, 'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एवढं ऐकलेलं आजच. तसं म्हटलंही. वरून उत्तर आलं, "तुम्ही गाडीखाले शेतस म्हनीसन."

तिच्याकडूनच कळलं, मी झोपलो होतो तेव्हा आप्पा चिंचेखाली बराच वेळ बसून गेले. ऐकून फार बरं वाटलं.

९ एप्रिल, रविवार
सपाटीवर चाचणी. पायडल छान कडक. दाबला, गाडी नाक खाली करून पुढेच. पुढचे ब्रेक बिचारे जिवाच्या करारावर धरताहेत, मागची चाकं मोकाट. थेट उकिरड्यात. चार पोरं आणि एक म्हैस बघायला हजर.

मागून धूर. आणि वास ओळखीचा, पण मोटारीचा नव्हे. बैलगाडीच्या आसाचा.

ड्रम काढला. दोन्ही शू एरंडेलात न्हालेले. मागे वळतो तो आप्पा उभे, हसरे. "मझार समदं कोरडं व्हतं. मीच लाई दिधं." दुसऱ्या चाकालाही लावलंय, हेही सांगून टाकलं.

जन्म गेला त्यांचा गाडी जुंपण्याआधी आसाला एरंडेल घालण्यात. कोरडं चाक त्यांना बघवत नाही. मोटारीला पहिल्यांदा हात लावला तो असा, मायेने. 'बरं केलं' म्हणालो आणि शेण धुवायला गेलो.

१० एप्रिल, सोमवार
शू पेट्रोलने धुतले, पॉलिश पेपरने घासले, उन्हात टाकले. दु. पाहिलं तर पुन्हा तेल वर आलेलं. आतपर्यंत मुरलंय. नवे लायनर लागणारच. बसच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली, नंदुरबारहून आणायला.

हिरा म्हणते, "आप्पास्ले काही सांगू नका." मन दुखेल, पुन्हा कधी गाडीजवळ यायचे नाहीत. खरं आहे. पण न सांगून भागेल कसं? एरंडेलाचं नळकांडं चिंचेच्या बुंध्याशी तयार ठेवलंय त्यांनी. रोज येऊन बघून जातात, चाक कधी उघडतंय.

१२ एप्रिल, बुधवार
लायनर आले, ठोकले, चढवले. ड्रमच्या आतून पेट्रोलचा हात फिरवला. ते घालण्याआधी आप्पांना बोलावलं आणि सांगितलं.

"आप्पा, चाक पयाले तेल लागस. थांबाले कोरडंच लागस."

शूकडे बघत राहिले. मग त्या दिवशी गाडी उकिरड्यात गेली ती... एवढंच विचारलं. हो म्हणालो. नळकांडं उचललं आणि गोठ्याकडे गेले. रात्री अर्धीच भाकर खाल्ली. हिराने माझ्यापुढे ताट जरा आपटलंच.

फार वाईट वाटतंय. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता आलं असतं का? सुचत नाही.

१३ एप्रिल, गुरुवार
आप्पा दिवसभर केळीच्या मळ्यात. बोलणं नाही. हिरा पुन्हा पायडलवर. दाब, सोड. आज थट्टा नाही.

सपाटीवर गाडी थांबते. उतार बाकी आहे.

१४ एप्रिल, शुक्रवार
सकाळी गाडी उताराच्या माथ्यावर नेली. खाली बघतो तर रस्त्याच्या मधोमध आप्पा. धोतर खोचून, काठी टेकून. हाताने खूण, ये.

मी ओरडून नको म्हणालो. बाजूला व्हा म्हणालो. हलले नाहीत. पुन्हा खूण. तिथे उभं राहून किती वेळ घालवणार? हळूहळू सोडली. मध्यावर आल्यावर पाय दाबला, सगळा जीव पायात. मागच्या चाकांनी जमीन धरली, धुळीचा लोट, आणि गाडी उभी. आप्पा अजून चांगले दोन गाड्यांच्या अंतरावर.

चढून वर आले. बॉनेटवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. "थांबस," म्हणाले. आणि मळ्याची वाट धरली.

घरी येईपर्यंत मनात लाडू फुटत होते. ब्रेक धरला, आणि आप्पा बोलले.

उद्या धानोऱ्याला चला असं मात्र म्हटलं नाही. विचारलं की नाही म्हणायची सवय आहे त्यांना. हिरालाही गप्प बसवलं.

१५ एप्रिल, शनिवार
उठलो तर आप्पा ओट्यावर नाहीत, गोठ्यात नाहीत. मोटारीत. पुढच्या सीटवर, नवा फेटा बांधून, दोन्ही हातांनी दार घट्ट धरून. गाडी तर बंद. किती वेळचे बसलेत देव जाणे.

मी काचा पुसायला लागलो. ते समोर बघत. मग तसंच समोर बघत म्हणाले, "धाडतीन ना रे तिले?"

इतके दिवस मी धरून चाललो होतो की प्रश्न ब्रेकचा आहे. ब्रेक काय, झाले. हो, धाडतील की, म्हणालो. पण त्या व्याह्याचा काय भरवसा, ऐन वेळी आणखी काही काढेल.

हिरा दशम्या बांधतेय तोवर हे लिहिलं. बाहेर हॉर्न वाजतोय. आप्पाच असणार, थांबायला तयार नाहीत.